तीनशे बारा वाक्यं

"आवाज येता कामा नये," हरोलीकर सर म्हणाले. "पंख्याची घरघर जरी ऐकू आली, तरी खोकं उचलून परत तुझ्या दुकानात आणून ठेवीन."

"उचलणार कोण, सर? तुमच्या हातात काठी."

"ही उचलेल," म्हणत त्यांनी शेजारी बोट दाखवलं. बोट गेलं दाराकडं. काकू त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी हळूच ते बोट धरलं आणि आपल्याकडं वळवलं. जणू हे रोजचंच होतं.

सरांनी मला नववी-दहावीत गणित शिकवलं होतं, त्यामुळं अरे-तुरेचा हक्क त्यांचाच. मी सन्मती मगदूम. तेव्हा सांगलीत, विश्रामबागच्या अलीकडं माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान होतं. कंपनीकडून आयता जोडलेला डबा विकत आणणाऱ्यांचा मला राग यायचा. मी गिऱ्हाईकाला आधी विचारायचो, काम काय करणार? मग त्या मापानं एकेक भाग निवडून मशीन बांधायचो, शिंपी माप घेऊन सदरा शिवतो तसं. हाताला गुण होता. तो आहे, हे मला जरा जास्तच माहीत होतं.

"काम काय करायचंय?" मी विचारलं.

उत्तर काकूंनी दिलं.

"माझा आवाज भरून ठेवायचाय."

तो आवाज मी तत्क्षणी ओळखला. सांगलीत एसटीनं हिंडलेला कुणीही ओळखला असता. प्रभाकाकूंनी बावीस वर्षं स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागं बसून गाड्या पुकारल्या होत्या. 'कवठेमहांकाळमार्गे जतला जाणारी गाडी' हे त्या असं म्हणायच्या, की जतमध्ये कुत्रंही ओळखीचं नसलेल्या माणसाला वाटावं, जाऊन यावं एकदा. आता तो जरा जाड झाला होता, पण होता तोच.

घशाचा कॅन्सर. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात न टाकलेल्या बाईला. रेडिएशनचे पस्तीस शेक देऊन झाले होते आणि गाठ पुन्हा उठली होती. वीस जानेवारीला स्वरयंत्र काढणार होते. काकू माझ्या दुकानात आल्या ती तारीख होती एक.

"त्यानंतर बोलणं बंद," त्यांनी सांगितलं, गाडी रद्द झाल्याचं सांगावं तसं. "बाकीच्यांचं चालतं. पाटीवर लिहून दाखवलं की झालं. पण ह्यांना पाटी वाचता येत नाही."

सरांची नजर काचबिंदूनं सात वर्षांपूर्वीच गेली होती. मूलबाळ नव्हतं. म्हणजे वीस तारखेनंतर त्या घरात एक बोलू न शकणारी बाई आणि एक बघू न शकणारा माणूस, एवढंच उरणार होतं. सर बोलतील, काकू ऐकतील. काकूंनी काय सांगायचं, आणि कसं?

त्यावर दोघांनी मिळून तोड काढली होती. काकूंनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. तीत आकडे घालून वाक्यं लिहिलेली होती, तीनशे बारा. प्रत्येक वाक्य काकूंनी स्वतःच्या आवाजात भरायचं. पुढं आकडा दाबला, की कॉम्प्युटर ते वाक्य बोलेल. मी वही चाळली. 'चहा उजव्या हाताला ठेवलाय, गरम आहे.' 'दाढी राहिलीय डाव्या गालावर.' 'गॅसवाला आलाय.' 'मी इथंच आहे.' 'तुमचंच खरं.'

"शेवटचं वाक्य लागणार नाही तिला," सर म्हणाले. "सबंध संसारात वापरलेलं नाही."

"काय अडतंय? लिहून ठेवलंय. तुमच्या मनाचं समाधान," काकू म्हणाल्या, आणि तिघंही हसलो.

मी सुचवून पाहिलं, की इतकं भरत बसण्यापेक्षा लिहिलेलं वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात. सरांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. "ते यंत्रमानवाचं बोलणं माझ्या घरात नको. मला हीच पाहिजे. आणि आवाज नको म्हणतो ते का, कळतंय का तुला? मशीन दिवसभर चालू राहणार. मी घरात कानांवर चालतो. कुकर, नळ, हिचं पाऊल. वर सतत घरघर लावून दिलीस, तर मी दुसऱ्यांदा आंधळा होईन."

मग मात्र मी ते मशीन जीव ओतून बांधलं. पंखा मोठा आणि संथ घेतला. फिरणारी हार्ड डिस्क कुरकुरते, म्हणून तिच्याऐवजी एसएसडी घातली, तिच्यात हलणारं काहीच नसतं. राहिला प्रोसेसर. तो तापला की पंखा जोरात फिरणार. म्हणून मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ज्याला आम्ही बायोस म्हणतो, तिथं जाऊन मी वीज वाचवायच्या सगळ्या सोयी चालू केल्या. प्रोसेसरला हातात काम नसलं, की डुलकी काढायची मुभा असते. हलकी डुलकी, गाढ डुलकी, अशा पायऱ्या असतात. मी त्याला सगळ्यात खालच्या पायरीपर्यंत जायची परवानगी देऊन टाकली. जितका झोपेल तितका थंड, जितका थंड तितका पंखा गप्प. मग चोवीस तास त्याच्यावर जड काम टाकून मशीन तापवून बघितलं. कुठं अडखळलं नाही.

तीन तारखेला घरी नेऊन चालू केलं. सरांनी खोक्याला कान लावला.

"चालू केलंस का?"

"पाच मिनिटं झाली, सर."

"मगदूम," ते म्हणाले, "नववीत तुला पस्तीस देऊन वर ढकललं होतं. ते वाया गेलं नाही." त्या दिवशी मी स्कूटरवर शीळ घालत परत आलो.

आठ तारखेला काकूंचा फोन आला. "सन्मती, वाक्यात मध्येच टक वाजतंय रे. ताटात तांदळाचा दाणा पडल्यागत."

मी लगेच गेलो. आमच्या धंद्याची एक सवय सांगतो. डॉक्टर जसा आधी नाडी बघतो, तसा आम्ही आधी पेनड्राइव्ह लावतो. माझ्या पेनड्राइव्हमध्ये एक प्रोग्राम होता. प्रोसेसर किती तापलाय, किती वेगानं चाललाय, हे तो दर क्षणाला मोजून पडद्यावर दाखवायचा. तो लावला आणि म्हणालो, "वाचा, काकू."

काकूंनी पाच वाक्यं वाचली. ऐकली. स्वच्छ. अजून दहा वाचली. एक टक नाही.

"तुझ्यासमोर गुणी बाळ होतंय," काकू म्हणाल्या.

दहा तारखेला पुन्हा फोन, पुन्हा मी हजर, पुन्हा पेनड्राइव्ह, आणि पुन्हा सगळं स्वच्छ. मग मी त्यांनी आधी भरलेलं ऐकलं. टक होतं खरं. बहुतेक वाक्यांत एकदा तरी, कधी शब्दाच्या मधोमध. मी माइक बदलून बघितला, वायर बदलून बघितली. मशीनमध्ये दोष असेल हे माझ्या डोक्यातच येईना. माझ्या हातचं मशीन, चोवीस तास तापवलेलं. मग दोष कुणात? खोलीत दुसरं होतं तरी कोण.

"काकू, शेक घेतल्यावर तोंड कोरडं पडतं ना?"

"पडतं की. लाळच सुटत नाही."

"तेच असणार. जीभ टाळूला चिकटते आणि सुटताना टक वाजतं. माइक चांगला आहे, तो बारीकसारीक सगळं पकडतो."

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी नकळत तोंडावर हात ठेवला. आवाजावर पोट भरलेल्या बाईला मी तोंड खराब आहे म्हणालो होतो.

"मला तो तोंडाचा आवाज वाटत नाही," सर खुर्चीतून म्हणाले. "पस्तीस वर्षं ऐकतोय मी हिचं तोंड."

"सर, मशीन मी सगळ्या बाजूंनी तपासलंय."

"बरं. तुझ्या धंद्यातलं तुला कळतं," सर म्हणाले, आणि गप्प झाले. वर्गात कुणी चुकीचं उत्तर ठासून सांगितलं, की ते असेच गप्प व्हायचे.

"मग ह्या भरलेल्याचं काय करू?" काकूंनी विचारलं. तोवर त्यांची एकशे नव्वद वाक्यं झाली होती.

"काढून टाका, काकू. खराब माल ठेवून घोटाळा नको. पाणी पीत पीत नव्यानं वाचा. नऊ दिवस आहेत की अजून."

त्यांनी माझ्यासमोरच पुसली. एकेक न बघता, सगळी एकदम, मी दाखवलं तसं.

मधल्या दिवसांत माझं जाणं झालं नाही. एका शाळेचं वीस मशीनचं काम अंगावर होतं. एकोणीस तारखेला सकाळी गेलो, कारण आकडा दाबला की वाक्य वाजायची जोडणी करायची राहिली होती, आणि त्याच दिवशी दुपारी चार वाजता काकूंना दाखल व्हायचं होतं. घाईत पेनड्राइव्ह दुकानातच राहिला.

काकूंनी दार उघडलं आणि मानेनंच 'ये' म्हणाल्या. टेबलावर पाण्याचा तांब्या, ज्येष्ठमधाच्या काड्या, वाटीत खडीसाखर, आणि वही. बहुतेक वाक्यांपुढं खुणाच खुणा. एकेक वाक्य त्यांनी सहा-सहा, सात-सात वेळा वाचलं होतं. टक वाजलं की फुली, स्वच्छ आलं की गोल. गोल फार नव्हते, शंभराच्या आतबाहेर.

"वाचा, काकू, मी बसतो," मी म्हणालो.

त्यांनी माइक ओढला, चूळ भरली, आणि वाचलं, "डबा भरून ठेवलाय." मी दचकलो. तो आवाज स्टँडवरचा नव्हता, तीन तारखेचाही नव्हता. फाटून चिंध्या झाल्या होत्या त्याच्या. आणि शेवटच्या शब्दावर, माझ्यासमोर, स्पष्ट ऐकू आलं. टक.

काकूंनी फुली मारली. माझ्याकडं बघितलंही नाही, पुन्हा चूळ भरायला वाकल्या.

मी पडद्याकडं बघत राहिलो. आज वेगळं काय होतं? माइक तोच, बाई तीच. पेनड्राइव्ह नव्हता. आणि मग एकदम लक्षात आलं. तो प्रोग्राम दर क्षणाला प्रोसेसरला हलवून विचारायचा, किती तापलास, किती तापलास. तो चालू असेपर्यंत प्रोसेसरला झोप लागणं शक्यच नव्हतं. मी निघून गेलो की घरात शांतता. एका बाईचा आवाज भरून घेणं म्हणजे त्याच्या दृष्टीनं कामच नाही. तो मी दिलेल्या परवानगीप्रमाणं गाढ झोपायचा, आणि जागा होईपर्यंत आवाजातला एक कण हुकायचा. माझ्या चोवीस तासांच्या परीक्षेत तो जड कामाखाली होता, तिथंही झोपायची सोय नव्हती. मी प्रत्येक वेळी त्याला जागा करून विचारत होतो, तू झोपतोस का रे?

"काय झालं?" सरांनी विचारलं. मी बराच वेळ बोललो नव्हतो.

"काही नाही, सर. एकदा बंद करून चालू करतो."

बायोसमध्ये गेलो. गाढ झोपेची ओळ शोधली, बंद केली, जतन केलं, बाहेर आलो. पंखा जरासा ऐकू यायला लागला, इतकाच.

"आता वाचा, काकू."

त्यांनी दहा वाक्यं वाचली. वीस वाचली. प्रत्येकापुढं गोल. तिसाव्या गोलाला काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं. दाखल होईपर्यंत ह्या वाचण्यापलीकडं काही बोलू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, असं मी धरून चाललो.

"काय लिहिलं तिनं?" सरांनी विचारलं. "वाच."

पानावर लिहिलं होतं, 'ज्येष्ठमध लागू पडलं.'

त्या क्षणी सांगायचं होतं. फार काही नाही, दोन वाक्यं. काकू, तुमचं तोंड कधीच खराब नव्हतं. चूक माझी होती. पण दुपारी घशावर सुरी फिरवून घ्यायला निघायचंय अशा बाईला कशाला सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण इतकं थोर नव्हतं. सरांसमोर मला नापास व्हायचं नव्हतं.

"ज्येष्ठमध लागू पडलं," मी मोठ्यानं वाचलं.

"छान," सर म्हणाले.

दीड वाजेपर्यंत काकूंनी उरलेली वाक्यं पुरी केली, त्या चिंध्या झालेल्या आवाजात.

ऑपरेशन नीट झालं. काकू पुढं पाच वर्षं जगल्या. मशीनही चाललं. मी वरचेवर जायचो, कधी काही बिघडलं म्हणून, कधी नुसताच. एकदा साफसफाईचं निमित्त काढून ते दुकानात नेलं आणि पुसलेली एकशे नव्वद वाक्यं परत मिळतात का बघितलं. साधी हार्ड डिस्क असती तर मिळाली असती. एसएसडीत पुसलं ते पुसलं. आवाज नको म्हणून तीही मीच घातली होती.

घरात काकू आकडे दाबायच्या. "चहा उजव्या हाताला ठेवलाय," असं तो फाटका आवाज म्हणायचा, आणि सरांचा हात बरोबर उजवीकडं जायचा. 'तुमचंच खरं' त्या मुद्दाम भांडणाच्या मध्येच वाजवायच्या, सर चिडून हसायचे. सुखाचंच होतं ते, मी नाकारत नाही. पण एकदा त्यांनी मला पाटीवर लिहून दाखवलं, 'पहिल्यांदा वाचलेलं किती छान आलं होतं. माझ्या तोंडानं घात केला.' मी पाटी वाचली. चहा प्यालो. उठून आलो.

पाचव्या वर्षी दुखणं फुप्फुसात निघालं आणि काकू गेल्या. मी स्मशानात होतो, तेराव्याला होतो. पुढं दीड महिन्यानं एका दुपारी गेलो. सर एकटेच खुर्चीत बसले होते. मशीन बंद होतं.

"कोण? मगदूम? बस."

मी बसलो, आणि सगळं सांगितलं. डुलकी काय असते, पेनड्राइव्ह काय करत होता, जीभ टाळूला चिकटण्याची गोष्ट कशी मी रचली, वाक्यं कशी पुसायला लावली. सगळं पायरीपायरीनं, एकही पायरी न गाळता, त्यांनीच शिकवलं होतं तसं.

सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "तिला सांगितलंस?"

"नाही, सर."

"कधीच?"

"नाही."

ते हातानं खुर्चीची कड चाचपत राहिले. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू त्या दिवशी गेलास ना, दहा तारखेला," ते हळू बोलू लागले, "संध्याकाळी तिनं मला समोर बसवलं. म्हणाली, डॉक्टरांनी आवाज जपून वापरा म्हटलंय. आता सगळं पहिल्यापासून वाचायचंय, आणि तोंड असं, एकेक दहादा वाचावं लागणार. तेव्हा उरलाय तो मशीनला देते. तुमच्याशी आता बोलत नाही. पुढं मीच आहे की बोलायला, आकड्यांवर." सरांनी चेहरा आतल्या खोलीकडं वळवला. "तेव्हापासून दाखल होईपर्यंत नऊ दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी रात्री म्हणायचो, एकदा हाक तरी मार. माझा हात दाबायची आणि गप्प राहायची. ती आत वाचत बसायची आणि मी दाराला कान लावून बसायचो."

मला हे माहीत नव्हतं. पाच वर्षं मी फक्त फाटक्या आवाजाचं ओझं वागवत होतो. त्या नऊ दिवसांची मला कल्पनाच नव्हती.

"टक असतं तरी चाललं असतं रे मला," सर म्हणाले. "मी कुठं टक नको म्हणालो होतो?"

त्यांनी मान माझ्या दिशेला वळवली, थोडी चुकलीच, माझ्या खांद्यापलीकडं.

"ती ओळ बदलायला किती वेळ लागला तुला?"

"कुठली, सर?"

"झोपेची. शेवटच्या दिवशी बदललीस ती."

खोटं सांगायची इच्छा झाली. दिवस लागला, फार अवघड होतं, असं काहीतरी.

"दोन मिनिटं," मी म्हणालो.

"दोन मिनिटं," सर म्हणाले. गणिताचं उत्तर फळ्यावर लिहायच्या आधी एकदा पुटपुटून बघायचे, तसं ते त्यांनी आणखी एकदा म्हटलं. मग काठी शोधली, उठले, मला दारापर्यंत सोडायला आले, आणि मी चपला घालेपर्यंत दार धरून उभे राहिले.